काटा लाल रेषेला शिवलाच नाही: शिवसागरातल्या एका लाँचच्या इंजिनाचं प्रकरण

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरलं की पुढे पाणीच. कोयना धरणाचा शिवसागर इथवर पसरला आहे. पलीकडच्या काठावरच्या वाड्यांना बाजार असो, दवाखाना असो की लग्नाचं वऱ्हाड, लाँचवाचून अडतं. हिवाळ्यात वासोटा किल्ल्यावर जाणारे ट्रेकर येतात आणि लाँचवाल्यांची बरीचशी कमाई त्यांच्यावरच होते. एप्रिल-मे मात्र गावकऱ्यांचा हंगाम. मुंबईत माथाडी काम करणारी माणसं यात्रेला, लग्नाला घरी येतात आणि लाँच भरून जातात. हे प्रकरण अशाच एका एप्रिलमधलं आहे.

माझं साताऱ्यात डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. त्याआधी नऊ वर्षं मुंबईत शिडाच्या बोटींच्या इंजिनांवर काम केलं. लाँचचे मालक सत्तरीच्या घरात आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. धरणाचं पाणी चढताना जुनं घर बुडालं, तेव्हा ते लहान होते. पाण्याची नाडी त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी कळते. म्हणूनच त्यांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य ऐकून मला चमत्कारिक वाटलं.

"मिस्त्री, काटा लालला शिवलाबी न्हाय. म्या इंजान तापवलं आसं कुनी म्हनू नगा."

त्या दुपारी

लाँचवर सतरा माणसं होती, तांदळाची पोती होती, आबा आणि त्यांचा पुतण्या होता. धक्का सोडून दहा-बारा मिनिटं झाली असतील. पुतण्याचं इंजिनाच्या तापमानाच्या मीटरकडे लक्ष गेलं. एरवी पंचाहत्तरच्या आसपास असणारा काटा अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढला होता. त्यानं आबांना सांगितलं, आबांनी वेग कमी केला, आणि दोन मिनिटांत काटा सत्तरकडे उतरला. दोघांनाही वाटलं, बरं झालं, निवलं.

पुढच्या पाचेक मिनिटांत मागच्या बाजूला बसलेल्या एका बाईनं जळक्या रबराचा वास येतोय म्हणून सांगितलं. इंजिनाचा आवाज कोरडा आणि फाटका झाला. पेटीचं झाकण उघडलं तर आत पांढरी वाफ आणि काळा धूर. आबांनी इंजिन बंद करेपर्यंत ते स्वतःच बसलं. वारा काठाकडे होता हे नशीब. बांबूनं रेटत लाँच चिखलाला लावली, दुसऱ्या लाँचनं माणसं नेली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, कुणाला ओरखडाही आला नाही. सगळ्यात आधी मी तेच विचारलं होतं.

आधी थोडं यंत्राबद्दल

अशा बोटीच्या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. इंजिनाच्या पोटातलं पाणी वेगळं, ते बंद फेऱ्यात फिरतं. तलावाचं पाणी वेगळं. ते बुडाच्या भोकातून वर येतं, जाळीतून गाळलं जातं, इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या रबरी पाकळ्यांच्या चक्राच्या) पंपात जातं, हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जाताना आतल्या पाण्याची उष्णता उचलतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे धुराच्या वाकड्या नळीत, धुरामध्ये मिसळून जाड रबरी पाइपातून मागे पडतं. एकाच पाण्याला दोन कामं: इंजिन थंड ठेवायचं आणि धूरही थंड करायचा. हे पाणी थांबलं की पहिला मार रबरी पाइपाला बसतो, इंजिनाला नंतर. आतल्या पाण्याचा साठा तापायला वेळ घेतो, धुराला तो वेळ लागत नाही.

शिडाच्या बोटीतही हीच रचना. तिथे धोका जास्त, कारण वाऱ्यावर बोट कलली की बुडाचं भोक पाण्याबाहेर येऊन पंप हवा ओढतो. शिवाय इंजिन फक्त बंदरातून निघताना आणि परत येताना चालतं, त्यामुळे इम्पेलरच्या पाकळ्या दिवसेंदिवस एकाच जागी दबून वाकड्या होतात. मीटर बसवलेला असतो सुकाणू धरणाऱ्याच्या गुडघ्याखाली, आणि त्याची नजर शिडाकडे. जुन्या बोटींत तर खारं पाणी थेट इंजिनातच फिरतं. तिथे थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह) साठ अंशांच्या आतबाहेरचा ठेवतात, कारण त्यापुढे क्षार नळ्यांत धरायला लागतात. आपल्या तलावात क्षारांची भीती नाही. आपला शत्रू गाळ, आणि उन्हाळ्यात तो वाढतो. शिवसागर भरलेला असताना पाण्याची पातळी २१६३ फुटांवर असते. एप्रिलपर्यंत ती कितीतरी फूट खाली जाते आणि धक्क्यापाशी लाँचचं बूड जवळजवळ चिखलाला टेकतं.

उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. रबरी पाइप एल्बोच्या पुढे वीतभर मऊ पडून आतल्या बाजूला चेपला होता, दाबल्यावर तुकडे हातात येत होते. जाळी काढली. खालच्या बाजूला सडकी पानं, लाल चिखल, आणि तोंडावर चिप्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा झाकणासारखा बसलेला. तेवढ्याशा तुकड्यानं पाणी अडवलं. इम्पेलर रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला की मिनिटा-दोन मिनिटांत पाकळ्या जळून फाटतात.

इथे एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. इम्पेलरच्या सहापैकी चार पाकळ्या बुडातून गेल्या होत्या. नवा इम्पेलर टाकून झाकण लावलं असतं तर इंजिन चाललं असतं, पण तुटलेले तुकडे कुठेतरी पुढे अडकलेलेच राहिले असते. म्हणून वर्तमानपत्र पसरलं आणि शोधायला बसलो. दोन तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडले, एक पंपाच्या बाहेरच्या पाइपात. चौथा मिळेना. पुतण्यानं एल्बो सोडवून आत पेचकस फिरवला तेव्हा काळ्या काजळीबरोबर तो पडला. फुटलेली बांगडी जुळवावी तसे चारही तुकडे कागदावर इम्पेलरला लावून पाहिले. कडा जुळल्या तेव्हाच पुढचं काम हाती घेतलं.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, काढलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमध्ये गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सांधा बंद ठेवणारा पातळ थर, जळालेलं. हेडवर सरळ पट्टी धरून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवलं, मधोमध ०.१८ मिलिमीटरची पात गेली. या इंजिनाला ०.०८ पर्यंतच मुभा आहे. हेड साताऱ्याला नेऊन फेसिंग करून, म्हणजे सपाट करून आणलं. लाँच तेवीस दिवस बंद राहिली, त्यात यात्रेचे सगळे दिवस गेले.

काटा खोटं कसं बोलला

नवं गॅस्केट टाकून मोकळं होता आलं असतं, पण आबांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं होतं, काट्यावर विश्वास ठेवला होता, आणि काट्यानं त्यांना बुडवलं होतं. अशा माणसाला 'लक्ष द्या' म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही. लक्ष त्यांनी दिलंच होतं.

मीटरचा सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा भाग, थर्मोस्टॅटच्या घरात, अगदी वरच्या टोकाला होता. तो जितका तापतो तितका त्याचा विजेला होणारा विरोध, म्हणजे ओहम, कमी होतो आणि काटा चढतो. तो सोडवण्याआधीच मल्टिमीटर लावला, कारण एकदा फिरवला की पुरावा जातो. सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक ओहमच्या आत यायला हवं. १९ आले. सेंडरच्या आट्यांभोवती पांढरी टेफलॉन टेप गुंडाळलेली होती. एका वायरचा सेंडर असला की वीज परत जाते ती त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडातून. टेपनं आणि गंजानं ती वाट अडवली होती.

ती टेप मी लावली नव्हती. पण आदल्या वर्षी ऑइल बदलायला आलो होतो तेव्हा ती मला दिसली होती, आणि गळत नाहीये ना, मग असू दे म्हणून मी सोडून दिली होती. हे आबांना त्याच दिवशी सांगितलं.

सेंडर काढून त्यांच्या घरी नेला. सूनबाईंनी चुलीवर पातेलं ठेवलं, त्यात काचेचा थर्मामीटर सोडला आणि तारेला बांधून सेंडर बुडवला. पाणी तापेल तसे आकडे पुतण्या वहीत लिहीत होता: ४० अंशांना २९० ओहम, ६० ला १३४, ८० ला ७०, ९० ला ५१. पाणी खळखळून उकळलं तेव्हा थर्मामीटर ९८ वर थांबला. पुतण्या म्हणाला, "थर्मामीटर बिघडलाय, उकळतं पाणी शंभर पायजे." थर्मामीटर बरोबर होता. बामणोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ लाच उकळतं. समुद्रावरच्या बोटीला हे दोन अंश जादा मिळतात.

सेंडर ठणठणीत निघाला, मग घोटाळा सगळा वाटेतला. गणित सोपं आहे. इंजिन खरंच ९० ला असताना सेंडर ५१ ओहम देतो, त्यात अडलेल्या वाटेचे १९ मिसळले की ७०. आणि ७० ओहम म्हणजे मीटरच्या भाषेत ८०. खरं ९०, दिसतं ८०. शंभरला अंदाजे साडेअडतीस आणि एकोणीस, साडेसत्तावन्न, म्हणजे काटा ८७ च्या आसपास. त्या दुपारी पुतण्यानं जो अठ्ठ्याऐंशी पाहिला तो शंभरच्या पुढचा होता.

मग तो उतरला कसा? इंजिनातल्या बंद फेऱ्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पाहिलं. स्प्रिंग ढिली, रबर कडक होऊन चिरलेलं. हे झाकण ०.९ किलोचा दाब धरून ठेवतं तेव्हा आतलं पाणी ११५ च्याही पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. दाब सुटला की इथे ९८ लाच वाफ. ते पाणी उकळून बाहेर गेलं, पातळी खाली आली आणि सगळ्यात वर बसलेला सेंडर कोरडा पडला. पाणी जितक्या जोरानं उष्णता देतं तितकी वाफ आणि हवेचं मिश्रण देत नाही, त्यामुळे काटा खाली आला. आबांना जे निवणं वाटलं ते खरं तर पाणी संपणं होतं. काटा चढून काहीही न करता झटकन उतरला, तर तो चढण्यापेक्षा वाईट. हे मी मुंबईत दोनदा पाहिलं होतं, आणि तरी इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

कुठे मोजायचं

दुरुस्तीत टेप काढली, आट्या घासल्या, सेंडरच्या अंगाला वेगळी अर्थिंगची वायर दिली, झाकण नवं टाकलं. आता काटा खरं बोलतो. पण खरं बोलणारा काटाही उशिरा बोलतो, आणि माझा सगळा जीव या मुद्द्यात आहे. तलावाचं पाणी थांबलं हे कळायला हवं ते जिथे सगळ्यात आधी जाणवतं तिथे, म्हणजे एल्बोच्या पुढच्या रबरी पाइपावर.

तिथे ७० अंशांना जोडला जाणारा तापमानाचा स्विच क्लिपनं घट्ट बांधला आणि सुकाणूपाशी मोठा बझर दिला. इलेक्ट्रॉनिक काही नाही, आत एक दोन धातूंची चकती असते, तापली की टक्कन उलटते. दुसरा स्विच हेडच्या लोखंडालाच, बोल्टखाली, १०५ अंशांचा. तो धातूची उष्णता पाहतो, त्यामुळे पाणी असो नसो, त्याला फसवता येत नाही. बझरच का, तर आबांची नजर पुढे पाण्यावर असते, पाण्याखालच्या खोडांवर असते, आणि तिथेच असायला हवी.

मग पाहिलं, हे चालतं का. नवा इम्पेलर काढून ठेवला, पंपाचं झाकण लावलं, बुडाचा वॉल्व्ह बंद केला आणि लाँच धक्क्याला बांधून इंजिन मध्यम वेगात ठेवलं. माझ्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर. (चकचकीत धातूवर तो हमखास कमी दाखवतो. एल्बोवर काळी चिकटपट्टी लावून त्या पट्टीवर नेम धरला, नुसत्या धातूवर धरल्यापेक्षा तीस अंश जास्त आले.) रबरी पाइप ३९ वरून चढत गेला आणि पंचावन्नाव्या सेकंदाला बझर वाजला. लगेच इंजिन बंद केलं. त्या वेळी आतल्या पाण्याचा काटा ८२ वरून ८४ वर गेला होता. दोन अंश फक्त. आबा काट्याकडे पाहत राहिले, मग बझरकडे.

"म्हंजी त्यो वराडतुया तवा ह्यो अजून झोपल्यालाच."

पहिल्या आठवड्यात बझर दोनदा उगाच वाजला. कनेक्टर ढिला होता, लाटेच्या धक्क्यानं वायर लोखंडाला टेकत होती. मी पोचेपर्यंत पुतण्यानं वायरच काढून ठेवली होती. त्याला रागावलो नाही. प्रवाशांसमोर खोटा बोंबलणारा बझर कुणीही काढेल. वायर पाइपातून ओढली, टोकं सोल्डर केली, क्लिपा मारल्या. उलटा धोकाही आहे: वायर तुटली तर हा बझर गप्प बसेल आणि सगळं छान आहे असं वाटेल. म्हणून दर सोमवारी पुतण्या पाइपावरचा स्विच सोडवून गरम पाण्याच्या पेल्यात धरतो, इंजिन बंद, चावी चालू. वाजला की परत बांधतो. हा नेम त्यानं आजवर मोडलेला नाही.

खरी वेळ दिवाळीनंतर आली. वासोट्याला जाणारे बारा ट्रेकर, तलावाच्या मध्यावर बझर वाजला. आबांनी विचार न करता इंजिन बंद केलं. जाळीत शेवाळाचा गोळा होता. वॉल्व्ह बंद, जाळी साफ, वॉल्व्ह उघडा, पाणी धरलं, मागे पिचकारी पडू लागली, निघाले. सहा मिनिटं गेली. इम्पेलर दुसऱ्या दिवशी उघडून पाहिला, पाकळ्या साबूत.

वही मात्र माझ्या हट्टानं सुरू झाली आणि आता तीच मला जास्त मोलाची वाटते. पुतण्या रोज पहिल्या फेरीत, ठरलेल्या वेगात वीस मिनिटं चालल्यावर तीन आकडे लिहितो: तलावाचं पाणी, रबरी पाइप, आतलं पाणी. दुरुस्तीनंतर आकडे होते २७, ४१, ८२. तलाव आणि पाइप यांत चौदा अंशांचं अंतर. डिसेंबरात तलाव २३ वर आला, पाइपही तेवढाच उतरायला हवा होता. तो ४५ वर गेला. जानेवारीच्या शेवटी २२ आणि ४९, म्हणजे अंतर सत्तावीस. बझरचे ७० अजून लांब आहेत, आतल्या पाण्याचा काटा ८२ वरच उभा आहे, लाँच झकास चालते. आणि तरी तलावाचं पाणी पूर्वीपेक्षा कमी येतंय.

मागच्या रविवारी मागच्या पाइपाखाली वीस लिटरची बादली धरली. मे महिन्यात ती ३८ सेकंदांत भरत होती, आता ५७ लागले. इम्पेलर नवा आहे, जाळी स्वच्छ आहे. मला एल्बोचा संशय आहे. पाणी आणि धूर मिसळतात त्या तोंडाशी काजळी धरते आणि वाट अरुंद होत जाते. चौथी पाकळी काढताना पुतण्याच्या पेचकसाला जी काजळी लागली होती ती आम्ही तेवढीच खरवडली होती, एल्बो पूर्ण साफ केला नव्हता. येत्या मंगळवारी लाँच काठावर ओढायची ठरली आहे. नवं गॅस्केट आणि दोन होज क्लिपा घेऊन मी बुधवारी सकाळी बामणोलीला पोचतो.